शोधयंत्र आणि आप्तवाक्य

आपले लेखन, आपली विद्या किंवा आपला माल शोध घेणाऱ्याच्या दृष्टीस इतरांच्या आधी पडावा म्हणून माणसाने खटपट करावी की करू नये, आणि करावयाची तर ती कोणत्या मर्यादेपर्यंत करावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यापाराचा दिसतो. आणि संकेतस्थळांचे क्रमांक वर चढवून देण्याचा जो व्यवसाय ‘एसईओ’ या नावाने अलीकडे उदयास आला आहे, त्यातील मंडळीही त्याकडे बहुधा व्यापाराच्याच दृष्टीने पाहतात. परंतु गूगलसारख्या शोधयंत्रापुढे जेव्हा कोणी आईच्या दुखण्याविषयी, शेतातल्या किडीविषयी किंवा कायद्याच्या एखाद्या कलमाविषयी प्रश्न ठेवतो, तेव्हा त्याच्यासमोर उत्तरांची जी उतरंड उभी राहते, ती कोणाचे म्हणणे आधी ऐकावे यासंबंधीचा एक निवाडाच असतो. आणि कोणाच्या शब्दावर, कोणत्या आधारे, कितपत विश्वास टाकावा हा विषय आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके इतक्या कसोशीने चर्चिला आहे की, या नव्या व्यवसायाची नीती ठरवावयाची झाल्यास तिचा पाया न्याय आणि मीमांसा या दर्शनांतील प्रामाण्यविचारात सापडेल, असे मला मनापासून वाटते.

मीमांसकांचे, विशेषतः सातव्या शतकातील कुमारिल भट्टांचे, म्हणणे असे की, ज्ञान उत्पन्न होते ते आपले प्रामाण्य बरोबर घेऊनच उत्पन्न होते. ते खोटे ठरावयाचे असेल तर त्यासाठी बाहेरचे कारण, म्हणजे एखादे बाधक ज्ञान किंवा साधनातला दोष, दाखवावा लागतो, पण खरे ठरण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाच्या शिफारशीची गरज नसते; यालाच स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा आणि खोटेपणा हे दोन्ही बाहेरूनच ठरतात, म्हणजे प्रामाण्य हे परतःप्रामाण्य असते, आणि ते ठरवण्याची मुख्य कसोटी म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल होणे: दूर चकाकते ते पाणी आहे की मृगजळ, हे तेथवर जाऊन तहान भागली म्हणजे कळते. यावर प्रतिपक्षाचा आक्षेप प्रसिद्धच आहे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागत असेल, तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा व तिसऱ्याला चौथ्याचा लागेल, आणि ही अनवस्था कोठेच थांबणार नाही; आणि ती थांबवण्यासाठी पहिल्याला दुसऱ्याचा व दुसऱ्याला पहिल्याचा आधार द्यावा, तर अन्योन्याश्रयाचा दोष पदरी येईल.

1998 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील ‘पेजरँक’ नावाची युक्ती म्हणजे या जुन्या वादात नकळत टाकलेले एक पाऊल होय. तोपर्यंतची बहुतेक शोधयंत्रे विचारलेला शब्द एखाद्या पानावर किती वेळा आणि कोठे आला आहे यावर मुख्यतः भिस्त ठेवीत, म्हणजे पान स्वतःविषयी जे सांगेल ते बऱ्याच अंशी खरे धरून चालत. आणि त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या राशी दडवून ठेवणाऱ्यांचे फावले. पेज आणि ब्रिन यांनी पानाच्या स्वतःविषयीच्या ग्वाहीइतकेच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, महत्त्व इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात की नाही, म्हणजे त्याला दुवा देतात की नाही, या गोष्टीला दिले. विद्वानांच्या निबंधांची थोरवी त्यांचा उल्लेख इतर निबंधांत किती वेळा होतो यावरून जोखण्याची वाट यूजीन गारफील्ड यांनी 1964 साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढून प्रशस्त केलेलीच होती. परंतु येथे सर्व साक्षी सारख्या मोलाच्या धरल्या नव्हत्या. ज्या पानाला स्वतःला भारदस्त साक्षी लाभल्या आहेत त्याने दिलेला दुवा अधिक मोलाचा, आणि ते पान जितक्या अधिक जणांना दुवे वाटील तितका प्रत्येकाच्या पदरी पडणारा अंश कमी, असा तो हिशेब होता.

हा उघड उघड परस्परांवर टेकलेला डोलारा झाला. पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि तिसऱ्याची पुन्हा पहिल्यावर. कोणत्याही तार्किकाने येथे चक्रकदोष दाखवून वाद मिटवला असता. गणिताने मात्र असे दाखवून दिले की, आरंभी सर्वांना समान प्रतिष्ठा देऊन ही वाटणी पुनःपुन्हा केली असता आकडे हळूहळू स्थिरावतात आणि ज्याचा त्याचा वाटा निश्चित होतो. 2 कोटी 60 लाख पानांची ही गणना मध्यम ताकदीच्या एका संगणकावर काही तासांत आटोपते, असे त्या दोघांनी आपल्या निबंधात नमूद केले आहे. तर्कशास्त्राने जो दोष म्हणून वर्ज्य केला होता, त्याच्यातूनच येथे निर्णय निष्पन्न झाला.

या गणितातली जी गोष्ट मला तत्त्वदृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण वाटते, ती मात्र याहून लहान आणि सहज नजरेआड होणारी आहे. काही पाने केवळ एकमेकांनाच दुवे देत बसली आणि बाहेर कोणाकडेही त्यांनी बोट दाखवले नाही, तर सारी प्रतिष्ठा त्या वर्तुळात वाहत जाऊन तेथेच साचून राहते. हा अनर्थ टळावा म्हणून असा एक वाटसरू कल्पिला आहे की जो दुव्यामागून दुवा ओलांडीत जातो, परंतु मधूनमधून कंटाळून तो माग सोडून देतो आणि यदृच्छेने कोणत्याही एका पानावर जाऊन उतरतो. दुव्याचा माग धरण्याचा संभव सामान्यतः 0.85 आणि माग सोडण्याचा 0.15 असे प्रमाण मूळ निबंधात धरलेले आहे. याचा परिणाम असा की, ज्याच्या बाजूने जगात एकही साक्षीदार उभा नाही अशा पानालाही, केवळ ते अस्तित्वात आहे एवढ्याच आधारावर, प्रतिष्ठेचा अल्पसा अंश मिळतो. आणि बिनसाक्षीचा हा अंश काढून घेतला तर साक्षींची सारी इमारतच खचते. रचणाऱ्यांच्या मनात दर्शनशास्त्र होते असे मी म्हणत नाही. परंतु परतःप्रामाण्याचे इतके कडेकोट यंत्र उभारतानाही तळाशी स्वतःप्रामाण्याचा चिमूटभर अंश घालावा लागला, यात कुमारिलांच्या पक्षाला मिळालेला एक अनपेक्षित दाखला मला दिसतो. बोलणाऱ्याला, तो कोणीही असो, बोलण्यापूर्वीच थोडीशी पत दिल्याशिवाय ऐकण्याचा व्यवहार सुरूच होऊ शकत नाही.

साक्षीवर क्रमांक ठरू लागला म्हणजे साक्षी विकत मिळू लागतात, हे सांगावयास त्रिकालज्ञ नको. 2006 च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटारींच्या प्रख्यात कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही काळ आपल्या दफ्तरातून काढून टाकले, कारण यंत्रापुढे शब्दांनी ठासून भरलेले एक पान ठेवावयाचे आणि माणूस आला की त्याला निराळ्याच पानावर नेऊन सोडावयाचे, असा प्रकार तेथे आढळला होता. 2011 च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जेसी पेनी या अमेरिकन दुकानमालिकेचे प्रकरण उजेडात आणले: कपड्यालत्त्याशी, गालिचांशी किंवा पलंगपोसांशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा असंख्य पानांवर त्या दुकानाकडे नेणारे दुवे पेरलेले होते, आणि त्यांच्या बळावर सणासुदीच्या ऐन हंगामात ते कित्येक शब्दांसाठी अग्रस्थानी राहिले होते. कंपनीने आपल्याला याची माहिती नव्हती असे सांगितले व क्रमांक वाढवून देणाऱ्या आपल्या मुखत्यारांना रजा दिली. गूगलने दुकान बरेच खाली उतरवले. व्यवसायातील लोक अशा प्रकाराला ‘ब्लॅक हॅट’ म्हणतात आणि त्याची मोजणी नियमभंगात करतात. मला ते पुरेसे वाटत नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी पैसे घेऊन ‘पाहिली’ म्हणणे हे आपल्या स्मृतिकारांच्या लेखी कूटसाक्ष्य आहे, आणि कूटसाक्ष्याचे पाप साक्षीदाराइतकेच ते उभे करणाऱ्यालाही लागते, ही दृष्टी येथे जशीच्या तशी लागू करावयास हवी.

साक्षीदार कोणाला करू नये हे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे: वादाच्या विषयात ज्याचा आर्थिक संबंध गुंतलेला आहे तो, पक्षकाराचा जिवलग, त्याचा वैरी, पूर्वी खोटे ठरलेला, असे पुष्कळ लोक तेथे गाळले आहेत. गूगलने 2012 च्या एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ नावाची जी तजवीज अमलात आणली तिचा आशय याहून फारसा निराळा नव्हता; विकत घेतलेले, लाग्याबांध्याचे व बनावट दुवे ओळखून त्यांच्या बळावर चढलेल्यांना खाली आणणे, हाच तो हेतू. परंतु आपल्याकडील जुन्या व्यवहारात एक गोष्ट अशी होती, जी या यंत्राला अद्याप साधलेली नाही. होळीच्या पोळीचा पहिला मान कोणाचा, किंवा पोळ्याला कोणाचे बैल पुढे चालावेत, असा कज्जा गोतसभेपुढे आला म्हणजे वतनदार, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे पाटील-कुलकर्णी यांच्या साक्षी होऊन महजर लिहिला जाई, त्यावर प्रत्येक जण आपापली निशाणी करी, आणि साक्ष देताना आपल्या बेचाळीस पूर्वजांना स्मरून बोलण्याची आण त्याला घातलेली असे. मानाचा क्रम ठरवणे हे तेव्हाही साक्षीवरच अवलंबून होते आणि खोट्या साक्षी तेव्हाही पडतच असतील. पण साक्ष देणारा माणूस आपले नाव, आपले गाव आणि आपले पितर त्या कागदाला बांधून देत होता, त्याचे स्वतःचे काहीतरी त्यात पणाला लागत होते. संकेतस्थळावरचा दुवा देणाऱ्याचे काहीच पणाला लागत नाही, आणि ज्या साक्षीत साक्षीदाराचे काही जात नाही ती हजारांच्या संख्येने मिळाली तरी तिचे मोल वाढावयाचे नाही.

नैयायिकांनी ऐतिह्य नावाच्या एका प्रकाराची चर्चा केलेली आहे. परंपरेने सर्वजण सांगत आले आहेत, पण मूळ सांगणारा कोण हे कोणालाच ठाऊक नाही, असे वचन म्हणजे ऐतिह्य. आणि त्याचे शास्त्रातले ठरीव उदाहरण म्हणजे अमक्या वडावर यक्ष राहतो हे. इतक्या लोकांनी सांगितले म्हणून यक्ष खरा मानावा काय, यावर न्यायाची भूमिका अशी की, ऐतिह्य हे स्वतंत्र प्रमाण नव्हे. ते शब्दप्रमाणातच मोडते, आणि शब्द प्रमाण होतो तो बोलणारा आप्त असेल तरच. संख्या येथे गौण ठरते. हजार पानांनी एका पानाकडे बोट दाखवले आणि त्या हजारांपैकी एकानेही मूळ गोष्ट पाहिलेली नसली, तर आपल्या हाती वडावरचा यक्षच येतो, मग तो शोधाच्या पहिल्या क्रमांकावर का बसलेला असेना.

मग आप्त कोण? वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात याचे जे उत्तर दिले आहे, ते मला या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली वाटते. आप्ताच्या ठायी तीन गोष्टी असाव्या लागतात: ज्या विषयासंबंधी तो बोलतो त्याचा त्याला स्वतः साक्षात्कार झालेला असावा, प्राणिमात्रांविषयी त्याच्या मनात दया असावी, आणि वस्तू जशी आहे तशी दुसऱ्याला कळावी अशी इच्छा त्याला असावी. शिवाय हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे म्हटले आहे. जातीने, देशाने किंवा कुळाने आप्तपणा येत नाही. आता गूगल आपल्या परीक्षकांना ज्या कसोट्या लावावयास सांगते त्या पाहाव्या: तज्ज्ञता, अधिकार, विश्वासार्हता, आणि 2022 च्या डिसेंबरपासून त्यांत भर पडलेला प्रत्यक्ष अनुभव. पहिले लक्षण, साक्षात्कार, त्यांत जवळजवळ पुरते आले आहे, आणि ते उशिरा का होईना आले याबद्दल मला समाधान वाटते. भूतदया मात्र कोठेच नाही, आणि यंत्राच्या यादीत ती असणे शक्यही नाही. तथापि वात्स्यायनांनी तिला शोभेसाठी घातलेले नाही. ज्याला ज्ञान आहे पण ऐकणाऱ्याची कणव नाही, त्याला खोटे बोलण्याचा मोह झाल्यास अडवणारे त्याच्याजवळ काय आहे? मनुष्य वस्तू जाणूनही फसवतो तो दयेच्या अभावी, आणि म्हणूनच दया हा प्रामाण्याचा एक घटक ठरतो.

तिसरे लक्षण तर आपल्या मूळ प्रश्नाचाच निर्णय करून टाकते. आपल्याकडे लोकैषणेची निंदा इतकी ऐकावयास मिळते की, आपले म्हणणे लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून धडपडणे हेच सज्जनाला अशोभनीय वाटू लागते. मोठा विद्वान, आणि त्याचा लेख कोणाला सापडत नाही, यात आपण एक प्रकारचे सोवळेपण मानतो. ही समजूत मला चुकीची आणि हानिकारक वाटते. सांगण्याची इच्छा वात्स्यायनांनी आप्ताच्या लक्षणातच घातली आहे. ज्याला ती नाही तो ज्ञानी असेल, पण आप्त नव्हे. आणि सांगण्याची इच्छा ज्याला खरोखर आहे, त्याने ऐकणारा कोणत्या शब्दांनी विचारतो हे जाणून घेणे हे त्याचे कर्तव्यच होते. डॉक्टर ‘मधुमेह’ लिहितो आणि रुग्णाचा मुलगा ‘शुगर’ शोधतो. डॉक्टर ‘उच्च रक्तदाब’ लिहितो आणि घरात शब्द असतो ‘बीपी’. लेखात दोन्ही शब्द येतील असे पाहणे, शीर्षकात आत काय आहे ते सरळ सांगणे, पान हलके ठेवणे म्हणजे खेड्यातल्या क्षीण जोडणीवरही ते उघडेल, आपल्याहून चांगले कोणी लिहिले असेल तर त्याच्याकडे दुवा देणे, ही क्रमांक सुधारण्याची जी प्रामाणिक साधने म्हणून सांगितली जातात ती सारी ऐकणाऱ्याच्या सोयीची आहेत, आणि त्यांत मला दयेचेच व्यावहारिक रूप दिसते. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो शोधणाऱ्याच्या तोंडी असलेल्या भाषेत अर्थ उतरल्याशिवाय तो त्याला सापडणार नाही, याच जाणिवेने.

मराठीला याची किंमत अलीकडेही मोजावी लागली आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपली कित्येक वृत्तपत्रे व नियतकालिके महाजालावर आपापल्या खासगी फाँटांत निघत; वाचणाऱ्याला पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत रोमन चिन्हांची सरमिसळ असे, आणि यंत्राला त्यातले एकही मराठी अक्षर ओळखू येत नसे. तो काळचा काळ शोधाच्या दृष्टीने मुका राहिला. याउलट तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस राहून ज्याची उभारणी केली त्या मराठी विश्वकोशातील नोंदी आज युनिकोडमध्ये महाजालावर आहेत, आणि ज्याने विश्वकोशाचे नावही ऐकलेले नाही अशा विद्यार्थ्याला त्या सापडू शकतात. स्वतः न्यायशास्त्राचे पंडित असलेल्या त्या गृहस्थांच्या कार्याची याहून उचित परिणती मला सुचत नाही.

सापडण्याची इच्छा असावी आणि साक्षात्कार नसावा, असेही लोक अर्थात असतात. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक जण तुकोबांचे अभंग त्यांची मुद्रा काढून आपल्या नावावर खपवीत असे, आणि त्याच्याविषयीची व्यथा तुकोबांच्या गाथेतच उमटलेली आहे. आजचे सालोमालो दुसऱ्याचे पान जसेच्या तसे उचलतात, आणि मूळ कोणते व नक्कल कोणती हे यंत्राला पुष्कळदा कळत नसल्यामुळे नक्कल वर आणि मूळ खाली अशी स्थिती येते. अशा वेळी मूळ लेखकाने आपला हक्क रुजू करावा, तक्रार करावी, पाठपुरावा करावा. त्यात अहंकार मानण्याचे कारण नाही, कारण नकलेत चूक झाली तर ती दुरुस्त करणारा माणूस नकलेमागे उभा नसतो.

निवाडा करणाऱ्याचा स्वतःचा संबंध वादात गुंतला की काय होते, याचा उल्लेख येथे ओघाने करणे प्राप्त आहे. जाहिरातींवर चालणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, अशी भीती खुद्द पेज आणि ब्रिन यांनीच 1998 च्या त्या निबंधाच्या परिशिष्टात व्यक्त केली होती. आणि शोधात आपल्याच सेवांना झुकते माप दिल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने 2018 च्या फेब्रुवारीत गूगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. न्यायाधीशाची गादी आणि व्यापाऱ्याची पेढी एकाच छपराखाली नांदू नये, हे तत्त्व कोणत्याही काळी नव्याने सिद्ध करावे लागू नये.

राहता राहिली नैयायिकांची शेवटची कसोटी, प्रवृत्तीच्या साफल्याची. अमेरिकन सरकारने गूगलवर चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचे एक उच्चाधिकारी पांडू नायक यांनी शपथेवर सांगितले की, क्रमवारी लावताना ‘नॅव्हबूस्ट’ नावाची एक व्यवस्था मागील तेरा महिन्यांत लोकांनी कोणत्या उत्तरावर बोट ठेवले याचा उपयोग करते. म्हणजे साक्षीदारांच्या पलीकडे जाऊन, पाण्यापर्यंत गेलेल्या माणसाचे काय झाले हे पाहण्याचा हा यत्न आहे, आणि तो योग्य दिशेने आहे यात शंका नाही. परंतु यंत्राला दिसते ते इतकेच की मनुष्य त्या वाटेने गेला, आणि परतून दुसरी वाट धरली किंवा धरली नाही. जुलाबाने मलूल झालेल्या मुलासाठी घरी जलसंजीवनी कशी करावी हे एका मातेने शोधले, एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण तिला एका पानावर मिळाले, आणि ती शोध सोडून स्वयंपाकघरात गेली; दुसरीला दुसऱ्या पानावर मिठाचे प्रमाण कितीतरी पटींनी चुकीचे मिळाले, आणि तीही शोध सोडून स्वयंपाकघरात गेली. यंत्राच्या दफ्तरी दोघींची नोंद सारखीच होईल. त्या दोन नोंदींतला भेद ज्याला आधी ठाऊक असू शकतो असा मनुष्य एकच, तो म्हणजे ते पान लिहिणारा. तेव्हा शीर्षकात कोणता शब्द पुढे घ्यावा याची मसलत करण्यास बसण्यापूर्वी त्याने मिठाचा आकडा पुन्हा एकदा ताडून पाहावा, तो आकडा आपण कोठून घेतला ते लिहावे, खाली आपले नाव घालावे, आणि मग ते पान पहिल्या क्रमांकावर यावे म्हणून जेवढी खटपट करता येईल तेवढी निःसंकोचपणे करावी.